खिशातला निखारा

घरात अग्नी कसा ठेवावा, हे आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. रात्री चुलीतले निखारे राखेखाली सारून मगच निजायला जाणारी आजी, समई शांत झाल्याची खात्री करून देवघराचे दार ओढणारी गृहिणी, काजूच्या भट्टीवर जाळ कधी वाढवावा आणि कधी ओढून घ्यावा हे नुसत्या आवाजावरून ओळखणारा भट्टीवाला, या सर्वांनी अग्नीशी वागण्याचे शास्त्र अंगी बाणवले होते. ते त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते. घरच्या वडीलधाऱ्यांनी ते हाताला शिकवले होते. स्वयंपाकाचा गॅस घरोघर आला तेव्हाही थोड्या अपघातांनंतर समाज सावध झाला आणि निजण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करण्याची सवय लागली. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र एक नवाच अग्नी आपल्या घरात शिरला आहे. त्याला ज्वाला नाही, धूर नाही, वास नाही. म्हणून तो अग्नी आहे हेच कुणाच्या ध्यानी येत नाही. तो मोबाइलमध्ये आहे, पॉवर बँकेत आहे, लहान मुलांच्या खेळण्यांत आहे, अंगणात उभ्या असलेल्या विजेच्या स्कूटरमध्ये आहे. आपण तो उशाशी घेऊन निजतो. त्याचे नाव लिथियम-आयन बॅटरी. तिच्या अनेक रूपांपैकी जे रूप सर्वांत लपवून ठेवले जाते, त्या ई-सिगारेटमधील, म्हणजे तरुणांच्या भाषेत ‘वेप’मधील बॅटरीविषयी आज लिहिण्याचे आम्ही योजले आहे.

हा विषय हाती घेताना आमच्या नजरेसमोर मच्छे हे गाव आहे. अनमोडचा घाट चढून, रामनगर-खानापूर मागे टाकून गोव्याची गाडी बेळगावकडे निघाली की पिरनवाडी आणि उद्यमबाग लागण्यापूर्वी हे गाव लागते. आपल्याकडची असंख्य कुटुंबे बाजारहाटासाठी, औषधोपचारासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी या वाटेने जात-येत असतात. मच्छ्यात औद्योगिक वसाहत आहे. आणि १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय, ‘ज्ञानसंगम’, याच गावच्या हद्दीत आहे. म्हणजे एका बाजूस लोखंड वितळवून साचे ओतणारा कामगारवर्ग आणि दुसऱ्या बाजूस यंत्रविद्या व विद्युत्‌विद्या शिकणारा विद्यार्थिवर्ग, असे दोन्ही वर्ग येथे एका रस्त्याच्या आजूबाजूस नांदतात. बेळगावच्या ओतकामाची ख्याती जुनी आहे. तेराशे-चौदाशे अंश सेल्सिअस तापमानाचा लोखंडाचा रस हाताळणारा माणूस पायात काय घालावे, ओलसर साच्यात रस का ओतू नये, कोणी कोठे उभे राहावे, याचे नियम कसोशीने पाळतो. तोच माणूस घरी आल्यावर दिवसभर तापलेला मोबाइल गादीवर ठेवून चार्जिंगला लावतो आणि निर्धास्त झोपतो! भट्टीतली आग त्याला दिसते. ही दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

बेळगावच्या उत्तरेस, पुण्याच्या महामार्गावर निपाणी आहे. निपाणी म्हणजे विडीचा तंबाखू, हे समीकरण मराठी माणसाला सांगायला नको. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथील तंबाखू उत्पादकांनी महामार्ग रोखून धरला आणि या पिकामागचे दैन्य साऱ्या देशापुढे मांडले. तो इतिहास येथे उगाळण्याचे कारण नाही. तंबाखूच्या वखारीत काडी ओढू नये, हे त्या मुलखात कुणाला शिकवावे लागत नाही, एवढेच आम्हांला सांगायचे आहे. विडीचा धूर दिसतो, तिचा वास कपड्यांना लागतो, थोटूक जमिनीवर पडते. मुलगा विडी ओढू लागला तर आईला ते चार दिवसांत कळते. आणि विडी एकदा विझली की विझली. वेपचे तसे नाही. तिला फळांचा नाहीतर पुदिन्याचा सुगंध येतो, ती लेखणीसारखी किंवा पेन-ड्राइव्हसारखी दिसते, आणि ओढणाऱ्याने ती खिशात टाकल्यानंतरही तिच्या पोटातला विद्युतघट भरलेलाच राहतो. तंबाखूच्या मुलखाला धुराची सवय होती. या धुराविना बसणाऱ्या चटक्याची नाही.

आता कायद्याचे पाहू. ई-सिगारेटचे आजचे रूप चीनमधील औषधनिर्माणतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ च्या सुमारास घडवले. निकोटिनयुक्त द्रव विजेच्या तापल्या तारेने उकळवून त्याची वाफ ओढायची, असे हे यंत्र. कर्नाटक सरकारने त्यावर २०१६ सालीच बंदी घातली. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि वर्ष संपण्यापूर्वी संसदेने त्याचे कायद्यात रूपांतर केले. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात हे सर्व त्या कायद्याने निषिद्ध आहे. उत्पादन वा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठवणीसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या बंदीला आमचा पाठिंबा आहे, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. कोवळ्या वयाच्या मुलांना निकोटिनची चटक लावणाऱ्या वस्तूला आपल्या बाजारात स्थान नसावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

परंतु ‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ हेही तितकेच खरे. बंदीला चार वर्षे होत आली तरी २०२३ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला या वस्तू विकणाऱ्या पंधरा संकेतस्थळांना नोटिसा धाडाव्या लागल्या आणि उल्लंघनाची तक्रार नोंदवण्यासाठी स्वतंत्र सोय करावी लागली. वस्तू येते आहे, याचीच ही सरकारी कबुली. आणि जी वस्तू चोरून येते ती चोरूनच ठेवली जाते. वसतिगृहातला मुलगा ती ठेवणार कोठे? गादीखाली, कपड्यांच्या घड्यांत, दप्तराच्या तळाशी. चार्ज करणार केव्हा? सगळे निजल्यावर. कशावर? हाती लागेल त्या चार्जरवर. ती फुगली, गळू लागली, तापू लागली, तर सांगणार कुणाला? कुणालाच नाही. बॅटरीच्या बाबतीत जे जे करू नये, ते ते सर्व या लपवाछपवीमुळे आपोआप घडते. हे ध्यानात यावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

या संदर्भात एक योगायोग नोंदण्याजोगा आहे. वटहुकूम निघाल्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, ९ ऑक्टोबर २०१९ रोजी, रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. ते मिळाले जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना, आणि मिळाले ते लिथियम-आयन बॅटरीच्या संशोधनासाठी. ज्या विद्युतघटाने ई-सिगारेट शक्य केली, त्याचाच हा गौरव. यात विसंगती काहीच नाही. वस्तू वंद्य की निंद्य हे तिच्या वापरावर ठरते. १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने ही बॅटरी प्रथम बाजारात आणली आणि तीस वर्षांत तिने जगाचा व्यवहार पालटला. तिचे हे यश ज्या गुणात आहे, त्याच गुणात तिचा धोकाही आहे. तो गुण म्हणजे लहानशा जागेत मोठी ऊर्जा कोंडून ठेवण्याची क्षमता.

हे थोडे उकलून सांगितले पाहिजे. मोठ्या वेपमध्ये, चांगल्या विजेरीत आणि अनेक विजेच्या स्कूटरमध्ये जो नळकांड्यासारखा सेल असतो, त्याला ‘१८६५०’ म्हणतात. अठरा मिलिमीटर व्यास, पासष्ट मिलिमीटर लांबी. तो हाताच्या अंगठ्याहून फारसा मोठा नसतो. परंतु पूर्ण भरलेल्या अशा एका सेलमध्ये एक कप चहाचे पाणी उकळेल एवढी ऊर्जा असते. आत धातूच्या दोन लांब पातळ पट्ट्या गुंडाळलेल्या असतात. एकीवर लिथियमयुक्त संयुग, दुसरीवर ग्रॅफाइट. मधे माणसाच्या केसाहून पातळ असा प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा. आणि सर्व काही एका ज्वालाग्राही द्रवात भिजलेले. चार्ज करताना लिथियमचे कण एका पट्टीकडून दुसरीकडे जातात, वापरताना परत येतात. तो पडदा शाबूत आहे तोवर सारे कुशल. तो फाटला, वितळला किंवा त्यातून धातूचा काटा आरपार गेला, की दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात, उष्णता निर्माण होते, त्या उष्णतेने आणखी रासायनिक क्रिया सुरू होतात, त्यांतून आणखी उष्णता. हे चक्र एकदा फिरू लागले की बाहेरून हवा बंद करूनही थांबत नाही. सेलच्या आतला वायू झडप उडवून बाहेर पडतो, पेट घेतो, आणि त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखी विषारी द्रव्येही असतात.

हा पडदा निकामी होण्याची कारणे मोजकीच आहेत. सेल ठेचला जाणे, जास्त तापणे, मर्यादेपलीकडे चार्ज होणे, फार काळ अगदी रिकामा पडून राहिल्यावर पुन्हा चार्ज होणे, किंवा मुळातच सदोष बनावटीचा असणे. या सेलचा साधारण कमाल दाब ४.२ व्होल्ट. चांगला चार्जर आधी ठरावीक प्रवाह देतो, मग दाब ४.२ वर स्थिर ठेवून प्रवाह हळूहळू कमी करतो, आणि शेवटी स्वतःच थांबतो. मोबाइलमध्ये ही राखण करणारे सर्किट आत बसवलेले असते. काही वेप-यंत्रे मात्र अशी बनवतात की त्यांत राखणदार सर्किट नसतेच. सेलची टोके थेट तारेला जोडलेली. तार तापवण्यासाठी अशी यंत्रे सेलकडून जो प्रवाह ओढतात, तो मोबाइलच्या नित्याच्या गरजेच्या कितीतरी पट असतो. तालेवार घोडा आणि लगाम नाही, अशी ती अवस्था!

याचे परिणाम जगाने पाहिले आहेत. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००९ ते २०१६ या आठ वर्षांत तेथील वृत्तपत्रांत आलेल्या ई-सिगारेटच्या स्फोटांची व आगींची मोजदाद केली. अशा घटना १९५ भरल्या. त्यांत १३३ माणसे जखमी झाली, आणि ३८ जणांच्या जखमा गंभीर होत्या. सुमारे बासष्ट टक्के घटना वस्तू खिशात असताना किंवा ओढताना घडल्या. सुमारे चौथा हिस्सा चार्जिंग चालू असताना. त्यानंतर मे २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासमध्ये वेप फुटून माणूस दगावला. आपल्याकडे बंदी असल्यामुळे अशी मोजदाद व्हायची तरी कशी? चोरट्या वस्तूने हात भाजला तर रुग्णालयात कारण वेगळेच सांगितले जाणार.

परंतु तोच सेल उघडपणे वापरला गेला तेव्हा काय घडले, याची उदाहरणे आपल्या अंगणातली आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत एका घरात विजेच्या स्कूटरची बॅटरी काढून रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावली होती. पहाटे ती फुटली. त्याच खोलीत निजलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी मरण पावला. त्याच महिन्यात सिकंदराबादला एका इमारतीच्या तळघरात ठेवलेल्या विजेच्या स्कूटरींना आग लागली. धूर जिन्याने वरच्या निवासगृहात चढला आणि आठ माणसे गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नाशिकजवळ स्कूटरी वाहून नेणाऱ्या वाहनात वीस स्कूटरी जळाल्या. या मालिकेनंतर केंद्र सरकारने वाहनांच्या बॅटरीची मानके कडक केली, ती डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. वसईच्या त्या बालकाला ती फार उशिरा आली. त्या घरातल्या माणसांनी कोणता अपराध केला होता? बॅटरी रात्री चार्जिंगला लावून आपण निजावे, एवढाच. आणि तो अपराध आज आपल्यापैकी बहुतेक जण रोज करतो.

तेव्हा या अग्नीशी वागावे कसे, हे आता साध्या शब्दांत सांगू. ई-सिगारेट बाळगणाऱ्याला आमचा सल्ला एकच: ती सोडावी. पुढे जे लिहितो ते घरातल्या प्रत्येक सुट्या सेलला, विजेरीला, पॉवर बँकेला आणि स्कूटरच्या बॅटरीला लागू आहे.

चार्जिंग जागेपणी करावे, निजताना नव्हे. आणि घराबाहेर पडताना तर नव्हेच. ज्या वस्तूबरोबर जो चार्जर आला असेल तोच वापरावा. चार्जरची खूण जुळली, वायर बसली, म्हणजे विजेचे मान जुळले असे होत नाही. बॅटरी लादीवर, कडाप्प्याच्या फळीवर किंवा सिमेंटच्या कट्ट्यावर ठेवावी. गादी, सोफा, वर्तमानपत्र, लाकडी कपाट यांवर नव्हे. बाहेर जाण्याच्या एकुलत्या एका दाराशी किंवा जिन्याखाली स्कूटर चार्जिंगला लावू नये, कारण आग लागली तर तीच आपली वाट अडवते. बॅटरी उन्हातून आली असेल, हाताला गरम लागत असेल, तर निवल्यावर चार्ज करावी.

साठवण याहून सोपी, पण अधिक दुर्लक्षित. सुटा सेल नाण्यांबरोबर, किल्ल्यांबरोबर खिशात कधीही टाकू नये. या सेलचे डोके धन आणि बाकी सारे शरीर ऋण. दोहोंमध्ये डोक्याच्या कडेशी असते ती केवळ पातळ प्लॅस्टिकची वेष्टणे. वेष्टण फाटले आणि किल्ली आडवी पडली, की शॉर्टसर्किट झालेच. असे सेल दहावीस रुपयांच्या प्लॅस्टिकच्या डबीत, एकमेकांस व धातूस न भिडता ठेवावेत. महिनाभर वापर नसेल तर ते गच्च भरून किंवा पार रिकामे करून ठेवू नयेत. निम्मे भरलेले, थंड व कोरड्या जागी ठेवावेत. विमानाने पाठवायच्या सुट्या सेलमध्ये तीस टक्क्यांहून अधिक विद्युतभार नसावा, असा आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीचा नियम आहे, तो याच कारणासाठी. पॉवर बँक विमानाच्या पोटातल्या सामानात न देता हातात ठेवायला सांगतात, तेही यासाठीच. पेटलीच तर निदान कुणाला दिसावी. दोन सेल लागणाऱ्या वस्तूत एक जुना व एक नवा, किंवा दोन वेगळ्या कंपन्यांचे सेल घालू नयेत. वर्षभर कपाटात पडून पार मेलेला सेल पुन्हा जिवंत करण्याच्या फंदात पडू नये. अशा सेलच्या आतील तांबे विरघळलेले असू शकते, आणि चार्ज करताना तेच आतल्या आत शॉर्टसर्किट घडवते.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपली हवा खारी आणि दमट. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या वस्तूंना बुरशी येते, तांब्या-पितळेवर हिरवट थर चढतो. सेलच्या टोकांनाही तेच होते. जोडणीचे बिंदू कोरड्या फडक्याने पुसावेत. बॅटरी खाऱ्या पाण्यात पडली असेल, होडीत भिजली असेल किंवा पुरात सापडली असेल, तर वाळवून पुन्हा चार्ज करू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये फ्लोरिडात ‘इयन’ वादळाने समुद्राचे पाणी गावांत घुसले. पाणी ओसरल्यावर, चांगले दिवस-आठवडे उलटल्यावर, भिजलेल्या विजेच्या मोटारी आपणहून पेटल्याचे तेथील अग्निशमन दलांना दिसले. पावसाळ्यात वीज जाते-येते, दाब वर-खाली होतो. तेव्हा स्वस्तातला चार्जर भिंतीत खुपसून ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रण. चतुर्थीच्या दिवसांत माटोळीखाली, मखराच्या कागदी सजावटीत, चार्ज होणारे दिवे आणि त्यांच्या वायरी गुंतवून ठेवण्याची अलीकडची रीत तर आम्हांला मुळीच पसंत नाही.

सेल फुगला, त्यातून गोडसर रसायनाचा वास येऊ लागला, सुरसुर आवाज झाला किंवा तो कारणाविना तापला, तर तो आजारी समजावा. त्याला टोचू नये, दाबू नये. शक्य असल्यास प्रथम मुख्य वीज बंद करावी, सेल घराबाहेर, जळण्याजोगे काही जवळ नसेल अशा ठिकाणी ठेवावा. आग लागलीच तर माणसे आधी बाहेर, मग बाकी सारे. वीज तोडल्यानंतर लहान सेलवर भरपूर पाणी ओतणे हाच उत्तम उपाय, कारण येथे ज्वाला विझवण्याइतकेच आतली उष्णता काढून घेणे महत्त्वाचे असते. नाहीतर विझल्यासारखा दिसणारा सेल तासाभराने पुन्हा पेटतो. स्कूटरच्या बॅटरीच्या वाटेस मात्र जाऊ नये; दार ओढून घ्यावे आणि अग्निशमन दलास बोलवावे. धूर छातीत घेऊ नये.

खरेदीच्या वेळीही डोळे उघडे हवेत. ‘१८६५०’ मापाच्या उत्तम सेलची क्षमता ३,५०० ते ३,६०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. बाजारात मात्र ९,९०० असा आकडा छापलेले सेल शंभर-दीडशे रुपयांना मिळतात. हा आकडा खोटा आहे, हे सांगायला प्रयोगशाळा नको. जो वेष्टणावर एवढे धडधडीत खोटे छापतो, त्याने आतला पडदा तरी खरा घातला असेल कशावरून? भारतीय मानक ब्युरोकडे या सेलची नोंदणी सक्तीची आहे. ‘आय एस १६०४६’ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक वस्तूवर आहे का, हे पाहून घ्यावे. चोरट्या वेपवर यातले काहीच नसणार, हे वेगळे सांगायला नको.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. बंदी असलेल्या वस्तूची बॅटरी कशी जपावी हे सांगणे म्हणजे त्या वस्तूला उत्तेजन देणे नव्हे काय? आम्हांला तसे वाटत नाही. दारूबंदी असलेल्या मुलखातही विषारी दारू प्यायलेल्याला डॉक्टर उपचार नाकारत नाही. शिवाय येथे जळणारा एकटा अपराधी नसतो. वसतिगृहाच्या खोलीत शेजारच्या खाटेवर निजलेल्या मुलाने वेप पाहिलेलीही नसते. घरात गादीखाली लपवलेल्या वस्तूची शिक्षा धाकट्या भावंडाला व्हावी, असे कोणताही कायदा म्हणत नाही. बंदी ही विक्रेत्याच्या विरुद्ध असावी. ज्ञानाच्या विरुद्ध असू नये. जे पालक ‘आमचा मुलगा तसा नाही’ म्हणून हा विषय घरात काढतच नाहीत, त्यांनी झाकलेली मूठ सव्वा लाखाची मानू नये. झाकलेल्या मुठीत निखारा असला तर तो प्रथम तीच मूठ भाजतो. मुलाला आधी एवढे सांगावे: वस्तू फुगली किंवा तापली तर येऊन सांग, ओरडा नंतर. हे अभय मिळाले तरच तो सांगेल.

आणि हे काम केवळ पालकांचे नाही. मच्छ्याच्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये साऱ्या कर्नाटकात पसरली आहेत. विद्युत्‌घटांचे रसायन तेथे शिकवले जाते, परीक्षेत विचारले जाते. तेच ज्ञान वसतिगृहाच्या भिंतीवर मराठी, कन्नड आणि इंग्रजीत एका पानाच्या सूचनेच्या रूपाने लागले, तर अभ्यासक्रमाला अर्थ येईल. प्रत्येक मजल्यावर लादीचा एक मोकळा कट्टा आणि त्यावर सर्वांना दिसेल असे चार्जिंगचे ठिकाण करणे फारसे खर्चाचे नाही. औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांनी भट्टीजवळच्या सुरक्षेच्या फलकांत मोबाइल आणि पॉवर बँक यांची एक ओळ घालावी. गोव्यातील महाविद्यालये आणि वसतिगृहे यांनाही हेच सांगणे आहे. रस्ता एकच असल्यावर त्या रस्त्याने येणारा धोकाही एकच.

शेवटचा प्रश्न आहे तो निकामी सेलचा. एकदा ओढून फेकून द्यायच्या वेपमध्ये बहुधा पुन्हा पुन्हा चार्ज होऊ शकणारा सेल असतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२३ साली असे सेल तपासले, तेव्हा ते शेकडो वेळा चार्ज होऊनही टिकतात असे आढळले. ब्रिटनने १ जून २०२५ पासून असल्या एकदाच वापरायच्या वेपच्या विक्रीवर बंदी घातली, त्यामागे या नासाडीचेही कारण होते. आपल्याकडे पकडलेला माल नष्ट केला जातो, आणि न पकडलेला कचऱ्यात जातो. कचऱ्याच्या गाडीत दाबाखाली सेल ठेचला की तो पेटतो. तो हाताने वेचणारी सफाई कामगार स्त्री त्या आगीच्या सर्वांत जवळ असते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे आणि ग्राहकाने त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या द्याव्यात असे म्हटले आहे. नियम चांगला आहे. पण गावात पेटीच नसेल तर ग्राहकाने तो पाळायचा कसा? पंचायती आणि नगरपालिका यांनी, मग त्या मच्छ्याकडच्या असोत की आपल्या किनाऱ्यावरच्या, निदान एकेक पेटी कचरा संकलनाच्या ठिकाणी ठेवावी. सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो त्यात टाकावा. आणि ही पेटी कुणालाही, काहीही न विचारता उघडी असावी. ज्याच्याजवळ लपवलेली वस्तू आहे, त्यालाही ती तेथे टाकून मोकळे होता यावे.

भट्टी, चूल आणि समई यांच्याशी कसे वागावे हे आपल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला शिकवले, कारण त्यांना तो अग्नी ठाऊक होता. हा नवा अग्नी त्यांना ठाऊक नव्हता. तो शिकून घेऊन पुढच्या पिढीला शिकवणे हे आपल्यावर आले आहे. आज रात्री निजण्यापूर्वी घरातल्या सगळ्या प्लगांवरून एकदा नजर फिरवावी, चार्जिंगला लावलेले काय काय आहे ते काढून ठेवावे, आणि हे काम मुलांसमक्ष करावे. पूर्वी निखाऱ्यांवर राख सारली जात असे; आज बटण बंद करायचे आहे. श्रम तेवढेच पडतात.